माप

वेर्ना टिलमन आधी कमरपट्टे शिवायची,
पोट आत ओढून धरणारे, रबरी, गुलाबी,
डेलावेअरमध्ये, सोयाबीनच्या सपाट शेतांना लागून असलेल्या कारखान्यात.
मग एका सोमवारी फोरमन म्हणाला,
आजपासून चंद्राचं काम.
मशीन तेच. खुर्ची तीच.
पगारात तासाला अकरा सेंट जास्त.

टाचण्या मोजून मिळत, मोजून परत द्यायच्या.
लाल डोक्याच्या तिच्या, निळ्या डोक्याच्या रोझेलाच्या.
एक कमी भरली की सगळा हॉल थांबे,
बायका गुडघ्यांवर, फरशीला गाल लावून,
कारण जिथे हवाच नाही तिथे
एवढंसं भोक पुरतं.
इंचात टाके किती, तेही कुणी भिंगातून मोजे.
एक वाकडा गेला की सगळं उसवा.
इतकी खोट कुठल्या सासूनंही काढली नसेल.

फळीवर हात ठेवलेले असत. प्लास्टरचे.
मनगटापासून वर, बोटं किंचित उघडी,
काही मागत असल्यासारखी,
किंवा नुकतंच काही सोडून दिल्यासारखी.
खाली चिकटपट्टीवर आडनावं.
वेर्नाला ते हात पाठ झाले.
कुणाची करंगळी लहानपणी मोडलेली,
कोण नखं खातो.
एकदा त्यांतला एक कारखाना बघायला आला,
सगळ्यांशी हात मिळवत, दात दाखवत.
तिनं त्याला ओळखलं,
चेहऱ्याकडे न बघता.

रात्रपाळी संपताना, एकदाच,
तिनं तयार हातमोजा घालून पाहिला.
बोटं टोकापर्यंत पोचलीच नाहीत.
प्रत्येक बोटापुढे पेरभर रिकामी जागा,
तिथे तिनं स्वतःच शिवलेला अंधार.

मग उरल्यासुरल्या तुकड्यांतून,
जेवणाच्या सुट्टीत, एका हातात सँडविच,
तिनं एक डावा हातमोजा शिवला. आपल्या मापाचा.
उजवा व्हायच्या आत कंत्राट संपलं,
अर्ध्या बायका घरी गेल्या,
उरलेल्या परत कमरपट्ट्यांवर.
डावा गेला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
बटणं, हुक, तुटक्या झिपांच्या सोबतीला.
लेक लिओटानं विचारलं, हा कुणाचा?
"अजून कुणाचा नाही."

वर जाणाऱ्यांत पुढे बाया आल्या.
एक, मग आणखी एक,
मग पेपरवाल्यांनी मोजणं सोडलं.
पण पोशाख दांडग्या खांद्यांचे,
त्यांत त्या वाळल्या शेंगेतल्या
दाण्यासारख्या खुळखुळायच्या.
एकदा एकीचं बाहेर पडणंच पुढे ढकललं,
अंगाला येईल असा पोशाख तयार नव्हता म्हणून.
बातमी ऐकून वेर्ना हसली. हसतच राहिली.
वृद्धाश्रमातल्या नर्सला वाटलं, ठसका लागलाय.
मापात पाप, असं आम्ही
वाण्याला उद्देशून म्हणतो.

आणि मग ती दुपार.
हॉलमधला टीव्ही, ताटांत उकडलेली गाजरं,
कुणाची तरी वॉकरची चाकं करकरत.
लिओटानं आईची खुर्ची पुढे सरकवली.
दार उघडलं. आधी एक पांढरा हात आला,
कठडा चाचपत, धरत.
मागून दुसरीचा.

माझ्या भाषेत नवी नवरी उंबऱ्यावरचं
माप पायानं ओलांडते, तांदूळ आत सांडतात,
आणि घर म्हणतं, आली.
ह्या दोघी उंबरा ओलांडून बाहेर गेल्या.
काहीच सांडलं नाही.
तिथे सांडत नाही.

हॉलमध्ये टाळ्या. ज्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं
त्यांनीही वाजवल्या.
लिओटा रुमाल शोधत होती.
वेर्नानं चष्मा पुसला, पुढे वाकली,
गाठी आलेलं बोट पडद्याला टेकवून म्हणाली,
"अंगठ्याशी अजून सैल आहे.
जा, तो डबा आण."